उकिरडा वेशीची दुरुस्ती

शास्त्रपाठ : नहेम्या २:११-१८, ३:१३, १४, १२:३१. इब्री १३:११-१३.



नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. त्यात चमत्कार नाही, दृष्टांत नाही. अमक्याने अमकी वेस बांधली, तमक्याने त्यापुढील तटाची डागडुजी केली, अशी ती केवळ एक यादी आहे. मेंढरे वेस प्रमुख याजक एल्याशीब आणि त्याचे भाऊबंद ह्यांनी बांधली व पवित्र केली. पुढे मासळी वेस आली, खोरे वेस आली. ह्याच यादीत एक वेस अशी आहे की, उपासनेत तिचे नाव मोठ्याने वाचताना वाचक थोडा अडखळतो. ती उकिरडा वेस होय. नगरातील केरकचरा आणि घाण ज्या वाटेने बाहेर जाई, ती ही वेस.

ती कोणी दुरुस्त केली? रेखाबाचा पुत्र मल्कीया ह्याने. हा कोणी हलका मजूर नव्हता, तो बेथ-हक्करेम प्रांताचा अधिकारी होता. त्याने ती वेस बांधली, तिची दारे लावली, कड्या व अडसर बसविले. घाण जाण्याची वाट म्हणून त्याने ओबडधोबड काम केले नाही.

ह्या दोन वचनांवर मी पाळक या नात्याने अनेक वर्षे एक शब्दही बोललो नव्हतो. त्यांचा अर्थ मला झाशी येथे, एका जुन्या मोटारीखाली वाकून पाहताना कळला. ती हकिकत आपणास सांगतो, कारण तीत माझी चूक आहे आणि ती चूक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असण्याचा संभव आहे.

झाशी हे कोटाचे शहर आहे. ओरछाचा राजा वीरसिंह देव ह्याने १६१३ साली येथील टेकडीवर किल्ला बांधला. पुढे १७४२ पासून मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर ह्यांच्या काळात किल्ला व शहर दोन्ही वाढले. १८५८ च्या वेढ्याच्या वेळी वरसईचे विष्णुभट गोडसे ह्याच शहरात होते, आणि 'माझा प्रवास' ह्या त्यांच्या ग्रंथामुळे झाशीचे ते दिवस मराठी घराघरांत पोहोचले. ओरछा, दतिया, उन्नाव, सागर, भांडेर, लक्ष्मी आणि खंडेराव ही ह्या कोटाच्या वेशींची नावे आज भोवतालच्या वस्त्यांचीही नावे झाली आहेत. नगराचे रक्षण तट करतो हे खरे. परंतु नगर जगते ते वेशींमुळे. ज्या तटाला वेस नाही, त्याच्या आत माणसे फार दिवस राहू शकत नाहीत.

खंडेराव गेटच्या बाजूस एका छोट्या गॅरेजात मी आमच्या जुन्या पेट्रोल मोटारीचा सायलेन्सर बदलून घेतला. मूळचा गंजून फुटला होता. कंपनीचा घ्यावा तर महाग, म्हणून मी लोकल सायलेन्सर पसंत केला. तो आमच्या गाडीच्या नेमक्या मापाचा नव्हता. कारागिराने तसे मला स्पष्ट सांगितले होते. मीच म्हणालो, "घ्या जमवून." त्याने नळी थोडी वाकविली, थोडी ओढली, एके ठिकाणी वेल्डिंगचा टाका दिला आणि जमवून दिले. तेव्हा दोष त्याचा नव्हे, 'घ्या जमवून' म्हणणाऱ्याचा.

त्या दिवसापासून गाडी वाजू लागली. प्रत्येक गतिरोधकावर नळी तळाला ठोकर मारी. वेग थोडा कमी झाला की मागे डबा बांधल्यासारखी खडखड होई. रविवारी उपासनेस निघालो की मंडळीतील मुले आवाजावरूनच ओळखत, "पाद्रीसाहेब आले." पहिले काही दिवस मला लाज वाटली. मग सवय झाली. पुढे तर त्या सवयीचा थोडा अभिमानही वाटू लागला. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील एकमेकांचे सहन करण्याच्या बोधावर प्रवचन करताना मी त्या सायलेन्सरचा दाखला दिला. काही गोष्टी मनाजोगत्या बसत नाहीत, परंतु त्यांच्यासह आनंदाने प्रवास करावा, असे मी सांगितले. लोक हसले. प्रवचन चांगले झाले असे सर्वजण म्हणाले.

जानेवारी आला. त्या भागात जानेवारीची थंडी बोचरी असते आणि सकाळी धुके दाटते. गाडीच्या मागच्या काचा आम्ही पूर्ण बंद ठेवू लागलो. माझ्या बाजूची काच मात्र मी बोटभर उघडी ठेवीत असे, कारण धुक्यात समोरची काच आतून धूसर होई. मागे आमची सौभाग्यवती आणि सात वर्षांची नात बसत. एका रविवारी नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या गाडीत बसलं की माझं डोकं दुखतं." मी म्हणालो, "थंडी आहे, टोपी नीट घाल." पुढच्या रविवारी तिला मळमळू लागले. सौभाग्यवतींनाही गरगरल्यासारखे झाले. प्रार्थनामंदिराच्या आवारात मोकळ्या हवेत थोडा वेळ उभे राहताच दोघींना बरे वाटले. तेव्हाही माझ्या ध्यानात काही आले नाही.

ध्यानात आले ते आमच्या मंडळीतील एका वृद्ध बंधूंच्या. हे रेल्वेत फिटर होते. झाशी विभाग २००३ पर्यंत मुंबईच्या मध्य रेल्वेत असल्यामुळे नोकरीनिमित्त जी मराठी कुटुंबे इकडे आली, त्यांपैकी त्यांचे एक. सर्व ऐकून ते इतकेच म्हणाले, "पाद्रीसाहेब, उद्या सकाळी गाडी सुरू करू नका. मी येतो."

सोमवारी सकाळी ते आले. थंड इंजिन सुरू करवून त्यांनी मागच्या नळीच्या तोंडावर जाड फडक्याचा बोळा क्षणभर दाबून धरला. नळी नीट बसलेली असेल, तर दाब साचून इंजिन गुदमरू लागते. आमचे इंजिन गुदमरले नाही. उलट पुढे, इंजिनाच्या बाजूने, फुस्स असा आवाज येऊ लागला. त्यांनी मला वाकून पाहावयास सांगितले. इंजिनातून निघणारी नळी जेथे जोडली जाते, त्या सांध्यावर काजळीचा काळा डाग पडला होता. नळी ओढून बसविल्यामुळे जोडाची दोन तोंडे सरळ टेकत नव्हती. एक बोल्ट घट्ट होता, दुसऱ्याचे आटे गेले होते, मधले पॅकिंग अर्धे जळले होते. शिवाय मागच्या बाजूस नळीचे तोंड दोन बोटे आखूड होते. ते गाडीच्या बाहेर न येता डिकीच्या तळाखालीच संपत होते, आणि डिकीचे रबर जुने होऊन चिरले होते.

पेट्रोल जळाल्यावर जे वायू उरतात, त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूशी जितक्या सहजतेने जोडले जाते, त्याच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने ते ह्या वायूशी जोडले जाते. आरंभी डोके दुखते, मळमळते, झोप येते. माणसास वाटते की सर्दीपडसे असेल. बंद जागेत हे पुढे गेले तर माणूस झोपेतच दगावतो. हे विष मागच्या आसनावर माझ्या नातीच्या श्वासात जात होते, आणि पुढे बसून मी सहनशीलतेचे कौतुक करीत होतो.

बंधुभगिनींनो, त्या वृद्ध बंधूंनी हात पुसत एक वाक्य उच्चारले, ते मी विसरलेलो नाही. ते म्हणाले, "खडखड सोसा, पाद्रीसाहेब. गळती सोसू नका." ह्या वाक्याच्या प्रकाशात आपण शास्त्रपाठाकडे वळू या.

१. खडखड आणि गळती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

आपल्या भाषेत दोन क्रियापदे आहेत आणि आपण त्यांची फार गल्लत करतो. एक 'सोसणे', दुसरे 'चालवून घेणे'. सोसण्यास प्रीती लागते. चालवून घेण्यास केवळ आळस पुरतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून आपला आळस प्रीतीच्या नावाखाली खपून जातो.

सोसण्याजोग्या पुष्कळ गोष्टी आहेत. सासऱ्यांना कमी ऐकू येते, म्हणून घरात मोठ्याने बोलावे लागते. पतीचा स्वभाव अबोल आहे. सुनेचा स्वयंपाक आपल्या पद्धतीचा नाही. मंडळीचे सेक्रेटरी सभेत लांबलचक बोलतात. ही सारी खडखड आहे. दोन माणसे एकत्र आली की त्यांची मापे तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुळावीत असा देवाने कोठेही हट्ट धरलेला नाही. पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी तीनदा विनंती केली, आणि काटा निघाला नाही. त्याला कृपा मिळाली आणि ती पुरली (२ करिंथ १२:७-९).

परंतु हाच पौल करिंथ येथील मंडळीतील उघड पाप चालवून घ्या असे म्हणत नाही. पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो त्याविषयी किती कठोर आहे ते पाहा. काटा आणि खमीर ह्यांतील भेद त्याला ठाऊक होता. काट्याने एकाला टोचते. खमीर सर्व गोळ्यात पसरते. दडवलेले व्यसन, हिशेबातील लबाडी, घरातील मारहाण, वर्षानुवर्षे जपलेला द्वेष ह्या गोष्टी खडखड नव्हेत, ही गळती आहे. तिला वास नसतो, आणि तिची सवय होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्या गाडीत खडखड एवढी होती की तीमुळे गळतीचा फुसफुसाट ऐकूच येत नव्हता. क्षुल्लक गोष्टींवरून ज्या घरात रोज भांडण होते, त्या घरातील खरे दुखणे कित्येकदा असेच झाकले जाते. ज्या मंडळीत खुर्च्यांवरून आणि वाद्यांवरून वाद चालतो, तेथे अर्पणाचा हिशेब कोणी मागत नाही.

२. 'चालते' म्हणणारा बहुधा उघड्या खिडकीशी बसलेला असतो

ह्या गोष्टीने मला सर्वांत अधिक लज्जित केले. माझ्या बाजूची काच बोटभर उघडी होती. मला डोकेदुखी झाली नाही. म्हणून मी म्हणू शकलो की गाडी चालते आहे. जिला त्रास होत होता ती मागे बसली होती, लहान होती, आणि तिने सांगितले तेव्हा मी तिला टोपी घालावयास सांगितले.

मंडळीत सोसण्याचा उपदेश आपण कोणाला करतो? बहुधा ज्याच्या अंगावर विष येते, त्यालाच. त्या सोमवारी मला एका भगिनीची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी ती पतीविषयी सांगावयास आली होती. तिचे बोलणे पुरते ऐकण्यापूर्वीच मी तिला धीर धरा, सोसा, प्रभू बदल घडवील असे म्हणून प्रार्थना करून पाठविले होते. ती काय सोसत आहे हे मी विचारले नव्हते. मी उघड्या खिडकीशी बसलो होतो.

त्याच आठवड्यात मी सौभाग्यवतींसह तिच्या घरी गेलो आणि प्रथम तिची क्षमा मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग बोलली. ते सर्व येथे लिहिणे उचित नाही. एवढेच सांगतो की ते सोसण्याजोगे नव्हते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला आहे. त्याचे साहाय्य घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे नव्हे, हे तिला पाळकाच्या तोंडून ऐकण्याची गरज होती, आणि ते ऐकावयास तिला काही वर्षे थांबावे लागले. आज ती व तिची मुले सुरक्षित आहेत. तिच्या पतीशीही आमचे बोलणे चालू आहे, कारण ज्याच्या हातून विष पसरते त्याच्याही आत ते साचलेलेच असते.

पाळकहो, वडीलजनहो, आपणास माझी नम्र विनंती आहे. कोणाला 'सोसा' म्हणण्यापूर्वी मागच्या आसनावर जाऊन बसा, काचा बंद करा, आणि मग बोला.

३. नहेम्या रात्री उठून उकिरडा वेशीपर्यंत गेला

नहेम्या यरुशलेमास आला आणि तीन दिवसांनंतर रात्री उठला. त्याने काही थोडी माणसे बरोबर घेतली. मनात काय आहे ते कोणास सांगितले नाही. खोरे वेशीने बाहेर पडून तो उकिरडा वेशीकडे गेला, आणि मोडलेला तट व जळलेल्या वेशी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. पुढे एके ठिकाणी वाट इतकी अडलेली होती की त्याच्या जनावराला पुढे जाता येईना. एवढे पाहून झाल्यावरच तो लोकांना म्हणाला की चला, आपण बांधू या.

तो वाड्यात बसून अहवाल मागवू शकला असता. परंतु नगराची घाण जेथून जाते तेथे तो स्वतः गेला. आत्मपरीक्षण ह्याहून वेगळे काय आहे? आपण आपल्या जीवनाची मेंढरे वेस रंगवितो. प्रार्थना, गायन, दानधर्म ही आपली दर्शनी वेस होय. परंतु दिवसभराचा राग, मत्सर, अपमान, वासना ह्यांचा धूर कोणत्या वाटेने बाहेर जातो? जळण आहे तेथे धूर असणारच. देवाने आपल्याकडून धूरच नसावा अशी अपेक्षा केली असती, तर पापकबुलीची वाट दिली नसती. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात सांगतो की आपण पापे कबूल केली तर देव क्षमा करावयास व शुद्ध करावयास विश्वसनीय आहे. पापकबुली ही अंतःकरणाची उकिरडा वेस आहे. ती बंद पडली की धूर नाहीसा होत नाही. तो मागे वळतो आणि घरातील सर्वांत दुर्बळ माणसाच्या श्वासात जातो. कार्यालयात गिळलेला अपमान रात्री मुलाच्या पाठीवर उमटतो, तो असा.

अर्धवट कबुलीने हे काम होत नाही. आमच्या गाडीची नळी केवळ दोन बोटे आखूड होती. धूर बाहेर पडत होता, परंतु पुरता बाहेर नव्हे. 'माझ्याकडून काही चुका झाल्या असतील' असे म्हणणारी कबुली अशीच दोन बोटे आखूड असते.

४. प्रभू वेशीबाहेर गेला

इब्री लोकांस पत्राचा लेखक सांगतो की पापार्पणाच्या पशूंची शरीरे तळाबाहेर जाळीत असत, आणि म्हणून येशूनेही वेशीबाहेर दुःख भोगले. नगराला जे नको होते ते वेशीबाहेर टाकले जाई, आणि तेथेच आपल्या प्रभूला नेण्यात आले. त्याने सोसले. त्याच्याइतके कोणीच सोसले नाही. परंतु त्याचे सोसणे पाप चालवून घेण्यासाठी नव्हते, पाप दूर करण्यासाठी होते. वधस्तंभाचा दाखला देऊन कोणाला अन्यायाखाली दाबून ठेवणे म्हणजे वधस्तंभाचा अर्थ उलटा करणे होय. तो वेशीबाहेर गेला, म्हणून आपली घाण तेथे नेण्यास आपण कचरू नये.

आपण विचाराल, गाडीचे काय झाले? त्या बंधूंनी जोडाची तोंडे सरळ करवून घेतली, नवे पॅकिंग घातले, दोन्ही बोल्ट नवे बसविले. मागे नळीला तुकडा जोडून तोंड बाहेर काढले. डिकीचे रबर बदलले. पुन्हा फडके दाबून पाहिले, तेव्हा इंजिन गुदमरले, आणि आम्ही दोघे म्हातारे लहान मुलांसारखे हसलो. नातीला पुन्हा त्रास झाला नाही. मात्र सायलेन्सर मुळातच दुसऱ्या मापाचा असल्यामुळे तो पूर्णपणे जमणे शक्य नव्हते. गतिरोधकावर तो अजून ठोकर मारतो. खडखड पुष्कळ कमी झाली, परंतु गेली नाही. ती मी आता खऱ्या अर्थाने सोसतो, कारण त्याखाली काय दडले आहे ते मी पाहिले आहे.

नहेम्याचा तट ५२ दिवसांत पुरा झाला. समर्पणाच्या दिवशी उपकारस्तुती करणाऱ्यांच्या दोन टोळ्या तटावरून निघाल्या. त्यांपैकी एक टोळी उजवीकडे उकिरडा वेशीच्या दिशेने गेली असे बाराव्या अध्यायात लिहिले आहे. जेथे नहेम्या रात्री एकट्यासारखा, मूकपणे गेला होता, तेथे दिवसाढवळ्या गीत पोहोचले. प्रिय वाचका, तुझ्या जीवनातील ज्या वेशीचे नाव घेण्यास तुला लाज वाटते, तेथे आज रात्री जा. प्रभूसह जा. जे मोडले आहे ते नीट पाहा. त्याच वाटेने एक दिवस तुझे उपकारस्तुतीचे गीत जाईल.

प्रार्थना : हे देवबापा, जे आम्ही बदलू शकत नाही ते सोसण्यास आम्हांला कृपा दे. जे आम्ही केवळ आळसाने चालवून घेतले आहे, त्याची आम्हांला लाज वाटू दे. आमच्यामागे बसलेल्या लहानांचे म्हणणे ऐकावयास आमचे कान उघड. आमच्या अंतःकरणाची वेस तू स्वतः दुरुस्त कर. वेशीबाहेर दुःख भोगलेल्या तुझ्या पुत्राच्या, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.